बार्तोलोमे दे लास कासास

बार्तोलोमे दे लास कासास (इ.स. १४८४ – १८ जुलै, इ.स. १५६६) हे स्पॅनिश धर्मगुरू, डॉमिनिकन संघाचे संन्यासी, चियापासचे बिशप व इतिहासकार होते. स्पेनने अमेरिका खंडात वसाहती उभारल्या, त्या काळात तेथील मूलनिवासी लोकांवर झालेल्या अत्याचारांविरुद्ध त्यांनी सुमारे पन्नास वर्षे लेखन, प्रवचने व दरबारी पाठपुरावा यांच्या मार्गाने लढा दिला. ते स्वतः प्रारंभी मूलनिवाशांच्या वेठीवर जगणारे वसाहतकार होते. इ.स. १५१४ मध्ये त्यांनी आपल्या ताब्यातील लोकांवरील हक्क सोडून दिला. जे बळाने घेतले ते परत केल्याशिवाय पापक्षमा नाही, हे तत्त्व त्यांनी पुढे आयुष्यभर मांडले. स्पेनच्या राजाने त्यांना 'इंडियनांचे संरक्षक' हे पद दिले होते. ख्रिस्ती चर्च आणि मूलनिवासी समाज यांच्यातील न्याय व समेट यांविषयीच्या आधुनिक चर्चेत त्यांचे नाव आजही घेतले जाते.

कोलंबसाने आपण आशियातील 'इंडीज' प्रदेशात पोहोचलो असे मानल्यामुळे स्पॅनिश कागदपत्रांत अमेरिकेतील मूलनिवाशांना 'इंडियन' म्हटले गेले. या लेखात तो शब्द तत्कालीन पदनामापुरताच वापरला आहे.

प्रारंभिक जीवन

लास कासास यांचा जन्म स्पेनमधील सेव्हिया शहरात एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे जन्मवर्ष दीर्घकाळ १४७४ मानले जात होते. विसाव्या शतकातील अभिलेख संशोधनानंतर ते १४८४ असल्याचे सामान्यतः स्वीकारले गेले. इ.स. १४९३ मध्ये पहिल्या सफरीहून परतलेल्या कोलंबसाला त्यांनी बालपणी सेव्हियात पाहिले होते. त्यांचे वडील पेद्रो दे लास कासास हे कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सहभागी झाले. परतताना त्यांनी एक ताइनो तरुण सोबत आणला व तो मुलाच्या सेवेस दिला. पुढे राणी इसाबेलाच्या आदेशाने अशा प्रकारे आणलेल्या लोकांना मायदेशी पाठवण्यात आले, तेव्हा हा तरुणही परत गेला.

इ.स. १५०२ मध्ये लास कासास वडिलांसह गव्हर्नर निकोलास दे ओवांदो यांच्या ताफ्यातून हिस्पॅनियोला बेटावर (आजचे हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक) आले. तेथे त्यांना जमीन व राबणारे मूलनिवासी मिळाले. मूलनिवाशांविरुद्धच्या मोहिमांतही ते सहभागी झाले. पुढे त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. मात्र त्यानंतरही त्यांची वसाहतकाराची जीवनपद्धती बदलली नाही.

एन्कोमिएन्दा पद्धत व मोंतेसिनोस यांचे प्रवचन

स्पॅनिश वसाहतींचा आर्थिक पाया एन्कोमिएन्दा या पद्धतीवर उभा होता. तीनुसार ठरावीक संख्येचे मूलनिवासी एखाद्या वसाहतकाराच्या हवाली केले जात. त्याने त्यांचे रक्षण करावे व त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे, आणि त्याबदल्यात त्यांच्याकडून काम किंवा खंडणी घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. कागदावर हे लोक राजाचे स्वतंत्र प्रजाजन होते. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणींत व शेतांवर त्यांना गुलामांप्रमाणे राबवले जाई. कष्ट, उपासमार, युद्धे व युरोपातून आलेले रोग यांमुळे हिस्पॅनियोलातील ताइनो लोकसंख्या काही दशकांतच जवळजवळ नष्ट झाली.

इ.स. १५१० मध्ये पेद्रो दे कोर्दोबा यांच्या नेतृत्वाखाली डॉमिनिकन संन्याशांची पहिली तुकडी बेटावर आली. २१ डिसेंबर, इ.स. १५११ रोजी, नाताळपूर्वीच्या रविवारी, त्यांच्यापैकी आंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी सान्तो दोमिंगो येथील अधिकारी व वसाहतकारांसमोर प्रवचन दिले. मूलनिवाशांना वेठीस धरणारे सर्व जण घोर पापात जगत आहेत, असे त्यांनी उघडपणे सांगितले. संतापलेल्या वसाहतकारांनी माफीची मागणी केली. परंतु पुढच्या रविवारी मोंतेसिनोस यांनी तेच म्हणणे अधिक ठामपणे मांडले. हे प्रवचन संपूर्ण संघाच्या संमतीने दिलेले होते. डॉमिनिकनांनी एन्कोमिएन्दाधारकांना पापक्षमा नाकारण्यास सुरुवात केली. लास कासास यांनाही याच कारणावरून एका डॉमिनिकन संन्याशाने पापक्षमा नाकारली होती. त्या वेळी त्यांना हा नकार पटला नाही.

मतपरिवर्तन

इ.स. १५१३ मध्ये लास कासास पानफिलो दे नारवाएझ यांच्या सैन्यासोबत धर्मगुरू म्हणून क्यूबाच्या मोहिमेवर गेले. काओनाओ या गावात स्पॅनिश सैनिकांनी कोणतेही कारण नसताना तेथे जमलेल्या लोकांची कत्तल केली. ती लास कासास यांनी प्रत्यक्ष पाहिली. तिचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या ग्रंथांत केले. या मोहिमेतील सेवेबद्दल त्यांना आरिमाओ नदीच्या काठी नवी एन्कोमिएन्दा मिळाली. पेद्रो दे ला रेंतेरिया या मित्राच्या भागीदारीत त्यांनी तेथे शेती व खाणकाम सुरू केले.

इ.स. १५१४ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणासाठी प्रवचनाची तयारी करताना त्यांच्या वाचनात बायबलमधील सिराख या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय आला. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूंचे अर्पण देवाला मान्य होत नाही आणि मजुराची मजुरी बुडवणे हे रक्तपातासारखेच आहे, असा त्या अध्यायाचा आशय आहे. यावर अनेक दिवस विचार केल्यावर संपूर्ण व्यवस्थाच अन्यायकारक असल्याच्या निष्कर्षाप्रत ते आले. स्वतः मूलनिवासी बाळगून इतरांना उपदेश करता येणार नाही, हेही त्यांना उमगले. त्यांनी गव्हर्नर दिएगो वेलाझ्केझ यांच्याकडे आपली एन्कोमिएन्दा परत केली. १५ ऑगस्ट, इ.स. १५१४ रोजी सांक्ती स्पिरितुस येथील प्रवचनात त्यांनी हा निर्णय जाहीर केला आणि श्रोत्यांनाही तसेच करण्याचे आवाहन केले. बहुतेकांनी ते मानले नाही.

स्पेनच्या दरबारात

वसाहतींतून बदल होणार नाही हे ओळखून लास कासास इ.स. १५१५ मध्ये मोंतेसिनोस यांच्यासह स्पेनला गेले. राजा फर्नांदो यांची त्यांनी भेट घेतली; परंतु जानेवारी १५१६ मध्ये राजाचे निधन झाले. त्यानंतर राज्यकारभार पाहणारे कार्डिनल सिस्नेरोस यांना त्यांनी सुधारणांचे सविस्तर निवेदन सादर केले. सिस्नेरोस यांनी त्यांची 'इंडियनांचे संरक्षक' म्हणून नियुक्ती केली आणि चौकशीसाठी हिएरोनिमाइट संघाच्या संन्याशांना हिस्पॅनियोलाला पाठवले. या चौकशीतून लास कासास यांना अपेक्षित असलेला बदल झाला नाही.

शांततामय वसाहतीचा प्रयोग करण्यासाठी त्यांनी राजा कार्लोस (पुढे सम्राट पाचवा चार्ल्स) यांच्याकडून आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना किनाऱ्याचा परवाना मिळवला. शस्त्रांऐवजी शेतकरी व धर्मोपदेशक तेथे नेण्याची त्यांची योजना होती. मात्र त्या किनाऱ्यावर स्पॅनिश गुलामशिकाऱ्यांचा उपद्रव सुरू होता व त्यामुळे मूलनिवासी आधीच संतप्त झाले होते. इ.स. १५२२ च्या सुरुवातीस, लास कासास तेथे उपस्थित नसताना, वसाहतीवर हल्ला होऊन ती उद्ध्वस्त झाली. या अपयशाने खचलेल्या लास कासास यांनी त्याच वर्षी डॉमिनिकन संघात प्रवेश केला. पुढील काही वर्षे त्यांनी हिस्पॅनियोलातील मठांत धर्मशास्त्र व कायद्याच्या अभ्यासात घालवली. याच काळात त्यांनी 'इंडीजचा इतिहास' या ग्रंथाचे लेखन सुरू केले.

आफ्रिकी गुलामांविषयीची भूमिका

इ.स. १५१६ च्या निवेदनात व त्यानंतरच्या काही प्रस्तावांत लास कासास यांनी मूलनिवाशांवरील भार कमी करण्यासाठी वसाहतींत गुलाम आणण्याची शिफारस केली होती. त्यांत आफ्रिकी गुलामांचाही समावेश होता. आफ्रिकी गुलामांची आयात त्यापूर्वीच सुरू झालेली होती, त्यामुळे त्यांना या व्यापाराचे जनक म्हणणे इतिहासाला धरून नाही. तथापि एका समाजाची सुटका दुसऱ्या समाजाच्या दास्यातून साधण्याचा हा सल्ला होता, ही वस्तुस्थिती उरते.

पुढे पोर्तुगीज इतिवृत्ते वाचल्यावर आफ्रिकेतील लोकांनाही अन्यायाने व बळजबरीने पकडले जाते, हे त्यांच्या लक्षात आले. 'इंडीजचा इतिहास' या ग्रंथात त्यांनी आपली चूक स्पष्ट शब्दांत मान्य केली. आफ्रिकींचे दास्य मूलनिवाशांच्या दास्याइतकेच अन्यायकारक आहे, असे त्यांनी लिहिले. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनासमोर आपल्याला वाचवील याची खात्री नसल्याचेही त्यांनी नोंदवले. मात्र हा ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. मूलनिवाशांसाठी त्यांनी दरबारात जसा सातत्याने पाठपुरावा केला, तसा आफ्रिकींसाठी केला नाही.

वेरापाझचा प्रयोग

धर्मांतर हे केवळ समजावणीने व सदाचरणाच्या उदाहरणानेच होऊ शकते, युद्धाने नव्हे, असा सिद्धान्त लास कासास यांनी एका लॅटिन ग्रंथात मांडला. त्याची कसोटी पाहण्याची संधी त्यांना ग्वातेमालात मिळाली. तुसुलुत्लान हा डोंगराळ माया प्रदेश स्पॅनिश सैन्याला जिंकता आला नव्हता व तो 'युद्धभूमी' म्हणून ओळखला जाई. इ.स. १५३७ मध्ये प्रभारी गव्हर्नर आलोन्सो माल्दोनादो यांच्याशी त्यांनी करार केला. त्यानुसार तेथील लोक एन्कोमिएन्दात दिले जाणार नव्हते आणि पाच वर्षे संन्याशांखेरीज कोणताही स्पॅनिश माणूस तेथे प्रवेश करणार नव्हता.

ख्रिस्ती कथांवर स्थानिक भाषेत गीते रचून ती फिरत्या मूलनिवासी व्यापाऱ्यांना शिकवली गेली व त्यांच्यामार्फत ती त्या प्रदेशात पोहोचवली गेली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्या तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. सैन्याविना संन्यासी तेथे पोहोचले हे मात्र खरे. पुढे या प्रदेशाला वेरापाझ, म्हणजे 'खरी शांती', असे नाव देण्यात आले. ही शांतता अबाधित राहिली नाही. इ.स. १५५५ मध्ये सीमेवरील उठावात डॉमिनिकन संन्यासी दोमिंगो दे विको मारले गेले व त्यानंतर या प्रयोगाचे मूळ स्वरूप टिकले नाही.

इ.स. १५३७ मध्येच पोप तिसरे पॉल यांनी 'सुब्लिमिस देउस' हे आज्ञापत्र काढले. मूलनिवासी लोक विवेकशील मानव आहेत, आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे त्यात जाहीर करण्यात आले. लास कासास यांनी या आज्ञापत्राचा आधार पुढे वारंवार घेतला.

नवे कायदे व चियापासचे बिशपपद

इ.स. १५४० मध्ये स्पेनला परतल्यावर लास कासास यांनी वसाहतींतील अत्याचारांचा प्रदेशवार वृत्तान्त राजाने नेमलेल्या मंडळासमोर मांडला. २० नोव्हेंबर, इ.स. १५४२ रोजी चार्ल्स यांनी 'नवे कायदे' जारी केले. मूलनिवाशांना गुलाम करण्यावर बंदी, नव्या एन्कोमिएन्दा देण्यास मनाई आणि धारकाच्या मृत्यूनंतर एन्कोमिएन्दा राजसत्तेकडे परत जाणे, या त्यांतील प्रमुख तरतुदी होत्या.

कायद्यांची अंमलबजावणी जवळून पाहता यावी म्हणून लास कासास यांनी चियापासचे बिशपपद स्वीकारले. ३० मार्च, इ.स. १५४४ रोजी सेव्हियात त्यांचा बिशपपदाचा विधी झाला. इ.स. १५४५ मध्ये ते आपल्या धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण असलेल्या सिउदाद रेआल येथे पोहोचले. ईस्टरच्या काळात, मूलनिवासी गुलाम मुक्त न करणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी धर्मगुरूंना दिला. त्यांच्याच कॅथेड्रलमधील डीनने तो मोडला. बिशपांनी त्याच्यावर कारवाई सुरू करताच वसाहतकारांचा जमाव त्यांच्या निवासस्थानावर चालून गेला. दरम्यान पेरूमध्ये गोन्सालो पिसारो यांच्या नेतृत्वाखाली नव्या कायद्यांविरुद्ध बंड झाले व त्यात व्हाइसरॉयचा बळी गेला. वाढत्या विरोधापुढे नमून सम्राटाने ऑक्टोबर १५४५ मध्ये एन्कोमिएन्दाच्या वारसाहक्कावरील बंदी मागे घेतली. गुलामगिरीवरील बंदी मात्र कायम राहिली.

याच काळात लास कासास यांनी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी बारा नियमांची एक पुस्तिका लिहिली. विजेते सैनिक, एन्कोमिएन्दाधारक, गुलाममालक व शस्त्रे विकणारे व्यापारी यांना पापक्षमा देण्यापूर्वी भरपाई सक्तीची करावी, हा तिचा गाभा होता. मरणासन्न व्यक्तीने नोटरीसमोर दस्तऐवज करून आपल्या मालमत्तेच्या विल्हेवाटीचा अधिकार धर्मगुरूला द्यावा, गुलाम तत्काळ मुक्त करावेत व त्यांच्या श्रमाची किंमत चुकती करावी, असे ती सांगते. ज्यांच्यावर अन्याय झाला ते हयात नसतील तर भरपाई त्यांच्या वारसांना किंवा गावाला द्यायची होती. पश्चात्ताप ही केवळ मनातली भावना न राहता हिशेब चुकता करण्याची कृती ठरावी, हा या नियमांमागील हेतू होता. त्यातून राजाच्या अमेरिकेवरील अधिकारालाच बाधा येते, असा आरोप विरोधकांनी केला. इ.स. १५४८ मध्ये पुस्तिकेच्या प्रती जप्त करण्याचे फर्मान निघाले. लास कासास इ.स. १५४७ मध्येच स्पेनला परतले होते. ते पुन्हा अमेरिकेत गेले नाहीत. इ.स. १५५० मध्ये त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला.

वायादोलिद येथील वादविवाद

इ.स. १५५० मध्ये सम्राटाने नव्या विजयमोहिमा तात्पुरत्या थांबवल्या आणि मूलनिवाशांविरुद्धचे युद्ध न्याय्य आहे काय, हे ठरवण्यासाठी विद्वान व अधिकारी यांचे मंडळ वायादोलिद येथे बोलावले. हुआन गिनेस दे सेपूल्वेदा या विद्वानाने ॲरिस्टॉटलच्या 'निसर्गतः दास' या कल्पनेचा आधार घेतला. मूर्तिपूजा, नरबळी व तथाकथित रानटीपणा यांमुळे मूलनिवाशांना आधी बळाने अंकित करणे योग्य आहे, असे त्याने मांडले.

लास कासास यांनी उत्तरादाखल लॅटिन भाषेतील प्रदीर्घ प्रबंध पाच दिवस वाचून दाखवला. मूलनिवाशांची नगरे, कायदे, कला व शासनव्यवस्था यांचे दाखले देत त्यांनी ॲरिस्टॉटलची व्याख्या त्यांना लागूच होत नाही, असे प्रतिपादन केले. ज्यांनी ख्रिस्ती धर्म कधी स्वीकारलाच नाही त्यांना शिक्षा करण्याचा अधिकार चर्चला वा ख्रिस्ती राजाला नाही, असेही ते म्हणाले. दोन्ही पक्ष मंडळासमोर स्वतंत्रपणे उपस्थित झाले. इ.स. १५५१ मध्ये दुसरे सत्र झाले. तथापि मंडळाने औपचारिक निर्णय दिला नाही. इ.स. १५७३ मध्ये दुसऱ्या फिलिपने काढलेल्या अध्यादेशांत 'विजय' या शब्दाऐवजी 'शांतीकरण' हा शब्द आला. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

अखेरची वर्षे

उर्वरित काळ लास कासास यांनी प्रामुख्याने वायादोलिद येथील सान ग्रेगोरिओ महाविद्यालयात व नंतर माद्रिद येथे घालवला. पेरूतील वसाहतकारांनी मोठी रक्कम देऊन एन्कोमिएन्दा कायमस्वरूपी विकत घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लास कासास यांनी दोमिंगो दे सान्तो तोमास यांच्यासह मूलनिवासी प्रमुखांच्या वतीने त्याहून अधिक रकमेचा प्रतिप्रस्ताव राजासमोर ठेवला. अखेरच्या लेखनात त्यांची भूमिका अधिक कठोर झाली. पेरूत लुटलेली संपत्ती परत करावी व इंका राजवंशाला त्याचे राज्य पुन्हा सोपवावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. मृत्यूच्या थोडे आधी पोप पाचवे पायस यांना पाठवलेल्या अर्जात, वसाहतींतील बिशपांनी आपल्या प्रजेची भाषा शिकणे सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. १८ जुलै, इ.स. १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथसंपदा

इ.स. १५५२ मध्ये सेव्हिया येथे प्रसिद्ध झालेला 'इंडीजच्या विध्वंसाचा संक्षिप्त वृत्तान्त' हा त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ होय. त्याच वर्षी पापनिवेदनविषयक नियमांसह त्यांच्या इतर पुस्तिकाही छापल्या गेल्या. 'इंडीजचा इतिहास' हा त्यांचा विस्तृत ग्रंथ हस्तलिखित रूपात राहिला. तो चाळीस वर्षे प्रसिद्ध करू नये, अशी सूचना त्यांनी दिली होती. प्रत्यक्षात तो १८७५-७६ मध्ये छापला गेला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीचे मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. लास कासास यांनी करून ठेवलेल्या सारांशामुळेच तिचा मजकूर टिकला.

टीका व मूल्यमापन

लास कासास यांच्या हयातीतच त्यांच्यावर तीव्र टीका झाली. फ्रान्सिस्कन संन्यासी तोरिबिओ दे मोतोलिनिया हे स्वतः मूलनिवाशांत दीर्घकाळ राहिलेले होते. इ.स. १५५५ मध्ये त्यांनी सम्राटाला लिहिलेल्या पत्रात लास कासास यांच्यावर अनेक आक्षेप घेतले. लास कासास यांनी एकही स्थानिक भाषा शिकली नाही, आणि आपल्या प्रवासात मूलनिवासी हमालांवर ओझी लादली, असे त्यांचे म्हणणे होते.

'संक्षिप्त वृत्तान्ता'तील मृतांचे आकडे अतिशयोक्त असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. रोगराईमुळे झालेल्या मृत्यूंना त्यात पुरेसे स्थान नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ग्रंथ डच, फ्रेंच व इंग्रजीत भाषांतरित झाला. स्पेनच्या शत्रुराष्ट्रांनी त्याचा प्रचारासाठी वापर केला. त्यातून स्पेनविषयीच्या 'काळ्या दंतकथे'ला बळ मिळाले. त्यामुळे स्पेनमध्ये त्यांना बराच काळ देशद्रोही ठरवले गेले. अलीकडील काही अभ्यासकांच्या मते, त्यांनी हिंसेला विरोध केला तरी धर्मांतर व स्पॅनिश राजाचे सार्वभौमत्व यांचा पुरस्कार दीर्घकाळ चालू ठेवला. म्हणून त्यांची दृष्टी पालकत्वाची होती.

वारसा

सिउदाद रेआल हे शहर आज मेक्सिकोच्या चियापास राज्यात असून लास कासास यांच्या स्मरणार्थ सान क्रिस्तोबाल दे लास कासास या नावाने ओळखले जाते. विसाव्या शतकात येथील बिशप सामुएल रुइझ यांनी त्यांची परंपरा पुढे नेली. लास कासास यांची पाचशेवी जयंती तेव्हाच्या समजुतीनुसार इ.स. १९७४ मध्ये येत होती. त्या निमित्ताने शहरात मूलनिवाशांची परिषद भरली आणि माया समाजांच्या प्रतिनिधींनी जमीन, व्यापार, शिक्षण व आरोग्य या प्रश्नांवर आपापल्या भाषांत मांडणी केली. इ.स. १९८९ मध्ये रुइझ यांनी लास कासास यांच्या नावाने मानवी हक्क केंद्र स्थापन केले. इ.स. १९९४ च्या झापातिस्ता उठावानंतर त्यांनी सरकार व बंडखोर यांच्यात मध्यस्थी केली. पेरूतील धर्मशास्त्रज्ञ गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या मुक्तिवादी धर्मशास्त्रावरही लास कासास यांचा प्रभाव आहे.

पोप फ्रान्सिस यांनी इ.स. २०१५ मध्ये बोलिव्हियात, इ.स. २०१६ मध्ये सान क्रिस्तोबाल येथे व इ.स. २०२२ मध्ये कॅनडात मूलनिवासी समाजांची क्षमा मागितली. ३० मार्च, इ.स. २०२३ रोजी व्हॅटिकनने, ख्रिस्ती सत्तांना 'शोधलेल्या' भूमीवर हक्क देणारा तथाकथित 'शोधाचा सिद्धान्त' अमान्य केला. त्या निवेदनात 'सुब्लिमिस देउस'चा उल्लेख होता. क्षमायाचनेबरोबर जमीन, संपत्ती व अधिकार परत करण्याचा प्रश्न मात्र अनेक देशांत अद्याप अनुत्तरित आहे. लास कासास यांनी बारा नियमांच्या पुस्तिकेत पापक्षमेच्या आधी ठेवलेली अट हीच होती.